आधी म्हशी हलवा, आजी आपोआप येईल

प्रश्न : ताई नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे, गाव शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर, नोकरी पुण्यात. २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, २०२१ ला खिडकीपर्यंत. दोन्ही वेळेला आजी शेवटपर्यंत हलली नाही. गोठ्यात तीन म्हशी आहेत, त्यांना सोडून मी येणार नाही म्हणते. २०२१ ला तिला बोटीतून काढावं लागलं. आता आमच्या तालमीच्या पोरांनी ठरवलंय की वर्गणी काढून गावाची स्वतःची बोट घ्यायची आणि पुरात मदतीला उतरायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय, दीडशे पोरं आहेत. वडील म्हणतात आधी आपलं घर बघ, मग गावाची उठाठेव कर. मला दोन्ही करायचंय, पण सुरुवात कुठून करू? आणि पाऊस जोरात लागला तर मी पुण्याहून यावं की नाही?

उत्तर :

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या तीन म्हशींपाशी थांबले. तुला वाटतंय प्रश्न बोटीचा आहे. मला विचारशील तर तुझ्या घराचा आणि अर्ध्या गावाचा प्रश्न गोठ्यात बांधलेला आहे.

मी सांगलीची. नदीपासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर. २००५ चं पाणी बघितलं, २०१९ चं बघितलं, तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोका पातळी ४५ आहे म्हणजे विचार कर, आणि २०२१ ला परत. शेवटच्या दोन्ही पुरात मी एका शाळेतल्या निवारा केंद्रात स्वयंपाकाला आणि औषधांच्या टेबलाला होते, त्यामुळे जे सांगतेय ते बघितलेलं सांगतेय.

आधी बोटीचं बोलते, कारण तुमचा उत्साह तिथं आहे आणि मला तो अजिबात मोडायचा नाहीये, फक्त वळवायचाय. ब्रह्मनाळ तू विसरला नसशील. ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुक्यातलं कृष्णा-येरळेच्या संगमावरचं ते गाव, पाण्यानं वेढलेलं, माणसं बाहेर काढायला बोट होती, काढणारी माणसं पण होती, आणि बोटीत मावतील त्यापेक्षा जास्त जण चढले. बोट उलटली आणि बायकापोरांसकट डझनाहून जास्त माणसं गेली. मी त्या बोटीत चढणाऱ्या कुणालाच दोष देत नाही, घराच्या भिंतीला पाणी लागलेलं असताना लेकराला कडेवर घेतलेली बाई पुढच्या फेरीची वाट बघत थांबत नसते, मी पण थांबले नसते. पण म्हणूनच सांगते, बोटीची वेळ आली म्हणजे त्याच्या आधीच्या दोन दिवसात जे करायचं होतं ते राहून गेलंय. तुम्ही पोरांनी त्या दोन दिवसांचं काम हातात घ्या. कोरड्या रस्त्यावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून नेलेली म्हातारी ही सगळ्यात चांगली सुटका, तिचा फोटो पेपरात येत नाही एवढंच.

आणि आपल्या भागाला ते दोन दिवस मिळतात रे! चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत शिरलं, माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच, आणि त्याच दिवशी महाडजवळ तळीयेला दरड कोसळली तिथं तर पळायला पण वेळ नव्हता. आपलं तसं नसतं. शिरोळ तालुका सपाट, पाणी हळूहळू चढतं, हळूहळू पसरतं आणि मग आठ आठ दिवस हलत नाही. कोल्हापूरला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, सांगलीला आयर्विनवर ४० आणि ४५, हे आकडे ग्रुपमधल्या सगळ्यांना पाठ पाहिजेत, पण नुसते पाठ असून उपयोग नाही. कोल्हापूर सांगलीचं पाणी तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो, मग तिकडं अमुक फूट असताना आपल्या गावात पाणी कुठवर येतं, मळीचा रस्ता कधी जातो, शाळेच्या मागचा ओढा कधी उलटा भरायला लागतो, हे कुठल्या अ‍ॅपवर मिळत नाही, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असतं. त्यांना चावडीवर बसवा, चहा पाजा आणि लिहून घ्या. २०१९ आणि २०२१ ची खूण विजेच्या खांबांवर, देवळाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं मारा, वर्ष घालून. आणि मग गावानं मिळून ठरवा की आयर्विनला एवढं आणि राजारामला एवढं पाणी झालं की आपण हलायला सुरुवात करायची, मग आभाळ उघडलेलं असलं तरी. ऊन पडलं म्हणून माणसं थांबतात आणि फसतात, कारण पाऊस थांबला तरी वरून धरणाचं पाणी येतच असतं.

आता आजी. तुझी आजी हट्टी नाहीये, ती हिशोबी आहे. म्हैस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाही, वैरण कोण टाकणार, धार कोण काढणार, डेअरीचं दूध बंद म्हणजे घरात रोजचा पैसा बंद, हे सगळं तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तिला तुम्ही नेहमी म्हणता म्हशी सोड आणि चल. ती कशी येईल? तिला म्हणा, म्हशी घेऊन चल. माळावर, उंचावरच्या गावात जे पाव्हणे असतील त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा की तीन जनावरांना जागा आणि पंधरा दिवसांची वैरण तुमच्याकडे ठेवतो, आणि पहिल्या इशाऱ्यालाच, म्हणजे माणसांच्या एक दिवस आधी, जनावरं हलवा. म्हशी तिकडं गेल्या की आजी धार काढायला तिकडं जाणारच. पाव्हण्यांकडे जमत नसेल तर जनावरांच्या छावणीचं काय ठरलंय ते तलाठ्यांना, ग्रामसेवकांना जून उजाडायच्या आत विचारून घ्या. जनावरांच्या कानातला पिवळा बिल्ला असतो बघ बारा आकड्यांचा, त्याचा आणि जनावराचा फोटो काढून ठेवा, पुढं पंचनाम्याला कामाला येतो. आणि घरातल्या सगळ्यांना एक पक्कं सांगून ठेवा की सगळंच चुकलं, जनावर हलवता आलंच नाही, तर निघताना दावं सोडायचं. मोकळी म्हैस पोहून उंचावर लागू शकते, दाव्याला बांधलेलीला काहीच करता येत नाही. २०१९ ला पाणी उतरल्यावर एका गोठ्यात मी गेले होते, गव्हाणीच्या कड्याला नुसती दावी ताणलेली होती... जाऊ दे, नाही लिहीत.

आजीला अजून एक सांगता येईल. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा झाला की ती हात जोडत असेल, नदीचं पाणी पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं म्हणून. मग पाणी आणखी चढलं की वाडीत देवाची उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात नेतात की नाही? देव दरवर्षी वेळेवर हलतो. ही गोष्ट माझ्या सासूबाईंना मी २०२१ ला सांगितली आणि त्या त्याच दुपारी निघाल्या. तुझी आजी ऐकेल का माहीत नाही, पण सांगून बघ.

वडिलांचं म्हणणं मला पटतं, फक्त ते म्हणतात तसं हे एक किंवा दुसरं नाहीये. स्वतःचं घर आवरलेलं नसेल तर तू दुसऱ्याच्या दारात उभा असताना तुझं निम्मं लक्ष घरी असणार. म्हणून घराचं काम इतकं आधी करून ठेवायचं की त्या दिवशी दोन तासात कुलूप लावता आलं पाहिजे. रेशनकार्ड, सातबारा, आधार, बँकेची पासबुकं, पोरांचे दाखले, सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र, आणि प्रत्येकाचा फोटो फोनमध्ये पण आणि पुण्यात तुझ्याकडे पण. धान्य पिंपात भरून माळ्यावर. सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून खिडकीच्या गजाला बांधायचा, नाहीतर रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगत घरभर आदळत फिरतो. मेन स्विच बंद. घर सोडायच्या आधी प्रत्येक खोलीचा, टीव्ही-फ्रिजचा, भिंतींचा व्हिडिओ काढ, दोन मिनिटांचा, नुकसान दाखवायची वेळ आली तर आधी काय होतं ते दाखवता येतं.

गावाच्या कामात पहिलं काम यादीचं. दीडशे पोरं आहेत ना, मग गल्लीवार वाटून घ्या, एकेका पोराच्या वाट्याला चार-पाच घरं येतील, आणि त्या घरात स्वतः जाऊन बसा. ग्रुपवर फॉर्म टाकून ही यादी होत नाही, ज्याची खरी गरज असते त्याच्याकडे फोनच नसतो. कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोण गरोदर आहे आणि कितवा महिना, कोणाच्या घरी एकटी म्हातारी आहे, कोणाला ऐकू येत नाही आणि भोंग्यावर कितीही ओरडलं तरी समजणार नाही, ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीला आलेली बाहेरगावची माणसं कुठं राहतात ज्यांना गावचे आकडे कळत नाहीत. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा, नेणार कोण, कशातून, आणि कुठं. एवढं लिहून झालं की तुमच्या लक्षात येईल किती ट्रॉल्या लागतात, कुणाचा ट्रॅक्टर चालू स्थितीत आहे, डिझेल कुठं ठेवायचं, शाळेची किल्ली कुणाकडे असते. २०१९ ला आमच्याकडे रात्री अकरा वाजता शाळा उघडायची होती आणि किल्ली ज्यांच्याकडे ते पाण्यापलीकडे. शेवटी कुलूप तोडलं, पण तोपर्यंत तीस-चाळीस माणसं पावसात उभी होती, त्यात एक बाळंतीण.

माणसं घर का सोडत नाहीत याचं आणखी एक कारण आहे जे बैठकीत कुणी बोलत नाही, चोरीची भीती. घरातली बायकामाणसं जातात आणि एक गडी गच्चीवर राहतो राखणीला, आणि मग तिसऱ्या दिवशी त्यालाच काढायला बोट लागते. पोलीस ठाण्यात आत्ताच बोला, पाणी आल्यावर गस्त कशी असणार आहे ते गावाला स्पष्ट सांगू दे, आणि दागिने-पैसे माणसाबरोबर आधीच बाहेर जातील हे बघा. सांगून भीती जात नाही, सोय केली तर जाते.

वर्गणीचं. जमवलेत पैसे तर आधी लाइफ जॅकेट घ्या, चांगली, शिट्टीवाली, लहान मुलांच्या मापाची पण. मग मजबूत दोर, टॉर्च, ताडपत्र्या, पॉवर बँक. जनरेटर आणि स्पीकर तालमीकडे गणपतीचे असतीलच, ते जूनमध्ये चालू करून बघा आणि उंचावर ठेवा. पैसे दोघांच्या सहीच्या खात्यात, आणि हिशोब चावडीच्या फळ्यावर. एवढं होऊन बोट घ्यायचीच असेल तर ती चालवायला शिकलेली चार माणसं आधी तयार करा, कारण वाहत्या पाण्यात बोट धरणं आणि विहिरीत पोहणं यात फार फरक आहे. गुडघाभर वाहत्या पाण्यात धडधाकट माणसाचे पाय सुटतात, आणि खाली उघडी गटारं, तारा, काय काय असतं. जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापन कक्ष असतो तिथं ‘आपदा मित्र’सारख्या प्रशिक्षणाची चौकशी करा, शोध-बचाव, प्रथमोपचार सगळं शिकवतात. कोल्हापुरात व्हाईट आर्मी या स्वयंसेवी संस्थेची माणसं वर्षानुवर्षं हेच काम करतायत, त्यांच्याशी बोला. आणि एनडीआरएफची तुकडी आली तर त्यांच्या बोटीत चढायची घाई नको, त्यांना गल्ल्या माहीत नसतात, तुमची यादी आणि तुमच्यातला एक वाटाड्या एवढं दिलंत तर त्यांचं काम निम्मं होतं. दीडशेपैकी पाण्यात उतरणारे पाच-सहाच असू देत, बाकीच्यांनी काठावरचं काम करायचं आणि त्यात काही कमीपणा नाही.

त्या ग्रुपबद्दल एक कडक नियम कर. पाण्याचा आकडा टाकायचा तर सोबत वेळ आणि कुठून कळलं ते, नाहीतर मेसेज डिलीट. पुराच्या दिवसात कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातला जुना व्हिडिओ ‘धरण फुटलं’ म्हणून फिरतो आणि लोक रात्री जीव घेऊन पळतात. आणि ‘पन्नास हजार क्युसेक सोडलं’ असा मेसेज आला की घाबरणाऱ्यांना नीट समजावून सांगणारं कोणीतरी पाहिजे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, पण तेवढ्यावर भागत नाही, ते पाणी कुठल्या धरणातून सुटलं, तुमच्यापर्यंत यायला किती वेळ आहे आणि नदी आधीच किती भरलेली आहे हे बघायचं असतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो की नाही यावरून वाद घालायला वर्षभर मोकळे आहात, पुराच्या आठवड्यात त्या ग्रुपवर तो विषय नको. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस-अग्निशमनसाठी ११२, अ‍ॅम्ब्युलन्स १०८, हे नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहा, फोन बंद पडला तरी दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

औषधांचं मला वेगळं सांगायचंय. २०१९ ला एक आजोबा माझ्या टेबलाशी आले, हातात कॅरीबॅग, त्यात पाकिटातून काढलेल्या सुट्या गोळ्या, गुलाबी, पांढऱ्या, एक पिवळी अर्धी तोडलेली, पाण्यानं एकमेकींना चिकटलेल्या. म्हणाले सकाळची कुठली ते बघून द्या. मला काय कळणार! डॉक्टर संध्याकाळी आले तोपर्यंत ते आजोबा भिंतीला टेकून बसून होते, एकदा पण तक्रार केली नाही, आणि मला मात्र दर पाच मिनिटाला तिकडं बघावंसं वाटत होतं. म्हणून ती यादी करताना बीपी, शुगर, फिट, हार्ट, दमा असलेल्या प्रत्येकाच्या गोळ्यांच्या स्ट्रिपचा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो तिथंच काढून घ्या आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घरात ठेवायला सांगा. हे काम तुमच्यातल्या मुलींनी केलं तर अजून बरं, कारण बायका पाळीचं, गरोदरपणाचं पोरांना सांगत नाहीत. तालमीच्या ग्रुपवर मुली आहेत का रे? नसतील तर आधी घ्या. निवारा केंद्रात बायकांना रात्री संडासला जायला उजेड नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, हे पुरुषांच्या लक्षातच येत नाही, मी बघितलंय.

आता तुझं पुण्याहून यायचं. यायचं असेल तर इशारा पातळीच्या आधी ये, घर हलवायला. एकदा पंचगंगेनं पात्र सोडलं आणि शिरोलीला हायवेवर पाणी आलं की पुणे-बेंगळुरू रस्ता बंद होतो, २०१९ ला कित्येक दिवस बंद होता, तेव्हा निघालास तर वाटेत कुठंतरी अडकशील आणि घरचे तुझ्याच काळजीत पडतील. उशीर झाला असेल तर पुण्यातच थांब. हे मी तुला समजूत घालायला सांगत नाहीये. गावात लाईट जाते, टॉवर बंद पडतात, आतल्या माणसाला बाहेरचं काही कळत नाही, तेव्हा यादी हातात घेऊन कोरड्या जागी बसलेला एक माणूस लागतोच जो नियंत्रण कक्षाला फोन लावेल, कोण कुठं पोचलं ते लिहील, मुंबई-पुण्यातल्या लेकरांना त्यांच्या आईबापाची खबर देईल. ते काम तुझं.

ऑफिसातली मंडळी मदत पाठवतो म्हणतील, त्यांना आठ दिवस थांबायला सांग. २०१९ ला महाराष्ट्रभरातून लोकांनी इतकं पाठवलं की आठवलं तरी भरून येतं, पण आमच्या केंद्रात चपात्यांना बुरशी आली आणि जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले. खरी गरज पाणी उतरल्यावर लागते, तेव्हा खराटे, फावडी, बादल्या, फिनाईल, ब्लीचिंग पावडर, गमबूट, चादरी, वह्या आणि राबणारे हात. गाळ काढायचा तर पाणी उतरत असतानाच, त्याच पाण्यानं ढकलत बाहेर काढायचा, एकदा वाळला की सिमेंटसारखा होतो. काठीनं कोपरे ठोकत आत जायचं, साप असतात. वायरमन बघून गेल्याशिवाय मेन स्विचला हात नाही. विहीर-बोअरचं पाणी क्लोरीन टाकल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय प्यायचं नाही, आणि पायाला जखम असेल तर गाळात उतरायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, लेप्टोसाठी, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापासाठी, गोळ्या लागतात का म्हणून. आणि पंचनाम्याला माणसं यायच्या आधी सगळं साफ करून बसू नका, आधी फोटो काढा.

येत्या रविवारी गावी जाशील तेव्हा सुरुवात अशी कर. आजीला गाडीवर बसव आणि त्या पाव्हण्यांच्या गोठ्यावर घेऊन जा, जागा पुरते का, पाणी कुठून आणायचं, गव्हाण किती उंच आहे, सगळं तिलाच ठरवू दे. संध्याकाळी यादीचं पहिलं घर. यादी पूर्ण झाली की मला कळव, नावं नकोत, चालता न येणारी माणसं किती निघाली तो आकडा फक्त.